पाटीवरचा गंज

बावीस वर्षं मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतोय. संयुगं तर मला झोपेतही ओळखता येतात! त्यामुळे दारावरच्या पाटीवर गंजाचे पिवळे ओघळ आलेत, असं बायकोनं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. गंज? आणि माझ्या घरात?

पाटी संगमरवराची, तिचे खिळे तेवढे लोखंडी. बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. चार रविवार खपून त्यांनी स्वतःच्या हातानं तिच्यावर आपलं नाव कोरलं होतं, अगदी बारीक आणि नाजूक. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. काचबिंदूनं आईची दृष्टी गेली, त्यालाही तीन वर्षं झाली. रोज सकाळी ती दाराबाहेर येते आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवते. आम्ही कुणी त्याबद्दल बोलत नाही.

"आई, रविवारी पाटी अशी चमकवतो, की बघत राहशील!" मी म्हणालो आणि जीभ चावली.

"ओल्या फडक्यानं पूस, पुरे," आई म्हणाली.

"फडक्यानं गंज जातो होय? गंज म्हणजे लोहाचं ऑक्साईड. त्यावर आम्ल टाकलं की क्षार आणि पाणी. विषय संपला!"

"अहो, आधी कोपऱ्यात थोडं लावून बघा ना," बायको म्हणाली.

"प्रयोग मुलं करतात. शिक्षकाला माहीत असतं!"

रविवारी हातमोजे चढवले, पाटी उतरवून दाराबाहेर टबात ठेवली आणि बाथरूम धुवायच्या ॲसिडची अख्खी बाटली तिच्यावर उपडी केली. फस्स! पांढराशुभ्र फेस!

"बघितलंस? मळ कसा उकळून वर येतोय!" मी बायकोला म्हणालो.

मी ब्रश मारत सुटलो. जितकं घासावं तितका फेस! एवढी जोमदार अभिक्रिया शाळेच्या प्रयोगशाळेत मी कधी पाहिली नव्हती. अर्धा तास नुसता घासत होतो.

वरच्या मजल्यावरची मुलगी जिना उतरत होती. नववीत आहे, माझ्याच वर्गात. ती थबकली.

"सर, पाटी कशाची आहे?"

"संगमरवराची."

"म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट ना?"

"शाब्बास!" मी घासतच होतो.

"मग सर... आम्ल आणि कार्बोनेट एकत्र आलं की कार्बन डायऑक्साईड निघतो ना? तुम्हीच शुक्रवारी शिकवलंत."

माझा हात जागच्या जागी थांबला. गंज केव्हाच गेला होता. आता जात होता तो दगड!

"सोडा आण! सोडा!" मी ओरडलो. बायकोनं खाण्याच्या सोड्याचा पुडा आणला, मी तो सगळा ओतला. टब दुप्पट जोरानं उसळला आणि फेस थेट शेजाऱ्यांच्या उंबऱ्याला लागला. त्यांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत लावून घेतलं.

"सर, नुसतं पाणी..." मुलगी हळूच म्हणाली.

पाण्यानं धुतल्यावर पाटी लख्ख निघाली. गंजाचा ठिपकाही नाही, आणि अक्षरंही नाहीत. एक उकार तेवढा उरला होता, तोही अंदाजानं. मला रडूच आलं.

"झाली का रे?" आईनं हात पुढे केला. मी पाटी तिच्या हातात दिली. बोट उजवीकडे गेलं, परत डावीकडे आलं.

"सुरुवात कुठून आहे?"

"आई, गेलं. माझ्या हातून नाव गेलं."

"सगळं?"

"सगळं."

ती पाटी मांडीवर घेऊन बसली. उद्याच नवी करून आणतो, मशीनवर चांगली खोल कोरून घेतो, असं काहीबाही मी बोलत राहिलो.

"त्यात ह्यांचा हात नसेल," ती म्हणाली. "हीच लाव. रोज सकाळी मी बोट फिरवीन, तू शेजारी उभा राहून वाचायचंस."

"वाचायचं काय? त्यावर काहीच नाही, आई."

"एवढं तरी पाठ असेल ना तुला?"

सोमवारी सकाळी आम्ही दोघं दारात उभे राहिलो. आईचं बोट पाटीच्या डाव्या कडेवर होतं. बाबांचं पूर्ण नाव मी आजवर फक्त फॉर्मवर लिहिलं होतं, तोंडानं कधी घेतलंच नव्हतं. पुटपुटत ते कसंबसं घेतलं. आडनावापाशी अडखळलो. आईचं बोट तिथेच थांबून राहिलं.

दप्तर घेऊन ती मुलगी वरच्या पायरीवर उभी होती. वर्गात सांगावं तितक्याच गंभीरपणे ती म्हणाली, "सर, मागे ऐकू येत नाही."

मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, मोठ्यानं.