टेंभरे काकांचं चॅटनूगा जंक्शन

आमच्या गल्लीत टेंभरे काकांसमोर ‘गेटिसबर्ग’ हा शब्द कोणी काढत नाही. काढला की काका काखेतून रेल्वेची लाल झेंडी उपसतात, दोन्ही हातांनी ताणून तुमच्या नाकासमोर धरतात आणि तुमचं बोलणं जागच्या जागी थांबतं. मग तुम्ही दूधवाले असा की त्यांचे सख्खे व्याही. एकदा तर मागून येणारा धानाचा ट्रॅक्टरही थांबला होता आणि काकांचा मुद्दा पूर्ण होईस्तोवर त्यानं इंजिनसुद्धा बंद ठेवलं होतं. खोटं वाटत असेल तर ट्रॅक्टरला विचारा.

काका रेल्वेत पॉइंट्समन होते. गोंदियाच्या अलीकडच्या एका छोट्या स्टेशनात त्यांची जिंदगी गेली. जाणाऱ्या गाडीला झेंडी दाखवायची आणि रूळ बदलायचे, हे काम. रिटायर होताना जुन्या दोन झेंड्या साहेबानं आठवण म्हणून देऊन टाकल्या. लाल काखेत असते. हिरवी पेटीत आहे म्हणतात. मी तरी ती कधी पाहिली नाही.

आता गेटिसबर्ग कुठलं, ते सांगतो. दीडशेच्या वर वर्षं झाली, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिणेची आपसात जुंपली होती. दक्षिणवाले माणसं विकत घेऊन शेतात राबवत, ते सोडायला तयार नव्हते. त्यावरून देशच दुभंगला. चार वर्षं लढले. त्यातली कोणती लढाई निर्णायक, यावर जगभर वाद आहे आणि बहुतेक लोक गेटिसबर्गचं नाव घेतात. काकांना ते मंजूर नाही. त्यांचं मत त्याच युद्धातल्या चॅटनूगाच्या लढाईला.

“गेटिसबर्गले तवा लाइन संपत होती गा,” काका म्हणतात. “शेवटचा ठेसन. जिथं गाडीच पुढं जात नाई, तिथून लढाई कशी पुढं जाईल? चॅटनूगा पाहा. चहूकडून लाइना येऊन राहिल्या. जसा आपला गोंदिया. जंक्शन ज्याचं, राज्य त्याचं.”

हे शेवटचं वाक्य काका कुठंही वापरतात. ग्रामपंचायतीची निवडणूक असो, क्रिकेट असो, नाहीतर शेजारच्या बाईंची सुनेशी झालेली कुरबुर. “सैपाकघर म्हणजे जंक्शन हाये बाई. ते सुनेच्या हाती गेलं, आता तुमी कायले तोफा डागून राहिल्या?”

चॅटनूगाच्या लढाईतल्या उत्तरेच्या सेनापतीवर काकांचा फार जीव. तो म्हणे दिवसभर चिरूट ओढायचा. “आपल्याकडं असता तर बीडी ओढली असती,” काका अभिमानानं सांगतात, जणू त्याला गोंदियात जन्म घेता आला नाही ही एक तांत्रिक अडचण होती.

सडक अर्जुनीच्या एका लग्नात मी काकांच्या शेजारी पंगतीला बसलो, ही माझी चूक. भाताचा ढीग वाढला गेला आणि काकांनी त्याला चॅटनूगाचा डोंगर जाहीर केलं. भोवती वरणाची नदी सोडली. आलू-वांग्यातले आलू उत्तरेचे, वांगे दक्षिणेचे. वाढपी भातावर तूप सोडायला वाकला, तर त्याला लाल झेंडी.

“थांब बाबू. वर अजून सैनिक चढून राहिले.”

वाढपी थांबला. त्याच्यामागं जिलेबीवाला थांबला, त्याच्यामागं सगळी पंगत. वरपक्ष म्हणाला डोंगर घेतल्याशिवाय तूप नाही. वधूपक्ष म्हणाला आमचं तूप, आम्ही कधीही वाढू. मुहूर्त टळता टळता राहिला. शेवटी काकूच बायकांच्या पंगतीतून उठून आल्या आणि त्यांनी काकांच्या पानातला अख्खा डोंगर कालवून टाकला.

“घ्या, जिंकलं तुमचं चॅटनूगा,” काकू म्हणाल्या. “जेवा आता मुकाट्यानं. तिकडं लढाई संपून सगळे मेले, सुटले. म्या तेवढी अडकली.”

नागऱ्याच्या महादेवालाही काकांनी सोडलं नाही. गर्दीच्या दिवशी, मागं रांग खोळंबलेली असताना, पिंडीसमोर हात जोडून विचारलं, “देवा, चॅटनूगा का गेटिसबर्ग?”

“नाई म्हटलं का त्यानं?” काकांनी बाहेर येऊन मला विचारलं. “नाई नं? मंग झालं.”

आता खरं सांगायचं तर आम्ही सगळे काकांना ‘सटकलेला’ या खात्यात टाकून मोकळे झालो होतो. रिटायर झालेला माणूस, पोरगा तिकडं अमेरिकेत, हातात मोबाइल. असं व्हायचंच.

एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडं शिडी मागायला गेलो. माझं राइस मिलच्या पट्ट्यांचं दुकान आहे, बोर्ड लावायचा होता. शिडी अंगणातून काढून ओट्याला टेकवली तोच आतून काकू म्हणाल्या, “या, बसा. कोर्ट भरून राहिलं.”

टेबलावर तांदळाच्या डब्याला मोबाइल टेकवलेला. पडद्यावर काकांची नात रेवा, तेरा-चौदा वर्षांची, तिकडंच जन्मलेली. तिच्याकडं शनिवारची संध्याकाळ. आधी काकूंची पाळी होती.

“जेवली का बाई?”

“हो आजी.”

“थंडी हाये का?”

“हो आजी.”

“अभ्यास?”

“हो आजी.”

काकूंचे प्रश्न संपले. त्यांनी पदरानं पडदा उगाच पुसला आणि बाजूला सरकल्या. काका पुढं आले, खाकरले, म्हणाले, “तर काय म्हणून राहिली होती तू मागच्या खेपेले?”

आणि ती अमेरिकेतली पोरगी खुर्चीत ताठ बसली. “आजोबा, तुमी चुकून राहिले. दक्षिणेची फौज गेटिसबर्गलेच मोडली. मंग चॅटनूगा कायले पायजे?”

मी चाटच पडलो. आमच्या गल्लीतली पोरं हिंदी झाडतात आणि ही सातासमुद्रापलीकडून आमच्या झाडीबोलीत भांडत होती. काकांनी लाल झेंडी दाखवली. तिनंही दाखवली, तिकडं लाल रुमालाची केली होती. अर्धा तास तोफा चालल्या. मधूनच ती शाळेतल्या मैत्रिणीचं सांगे, काका त्यांच्या जुन्या स्टेशनाचं सांगत, आणि पुन्हा लढाई.

मग तिनं मला पाहिलं. “हे काका कोण होत? यायले जज करा. आज फायनल करून टाका आजोबा.”

मान मिळाला की मी फुगतो. मी कॉलर नीट केली, घसा साफ केला. मुद्दे तर पोरीचेच वजनदार होते. मी तोंड उघडलं आणि टेबलाखाली काकांचा पाय माझ्या पायावर पडला. जोरात. मला वाटलं, लाच. वर पाहिलं तर काका माझ्याकडं बघत नव्हते. ते पडद्याकडं बघत होते, आणि लाल झेंडी त्यांनी मुठीत चुरगाळली होती.

“दोन्ही बाजू ऐकल्या,” मी म्हणालो. “निकाल राखून ठेवला. पुढची तारीख रविवार.”

“हे काय जी काका,” पोरगी भडकली. “म्या तयारी करून येतो आता. पाहाच तुमी.” आणि फोन बंद झाला.

काकूंनी चहा ठेवला. मी पाय चोळत विचारलं, “काका, एवढी भीती हारायची?”

“जिंकलो असतो तरी भांडण संपलंच असतं,” काका म्हणाले. “पहिले हाय आजोबा, बाय आजोबा, एवढंच बोले रेवा. मराठी यायची नाई. मंग शाळेत हा धडा आला. तिनं सहज सांगतलं, गेटिसबर्ग. म्या म्हटलं, नाई, चुकली तू. तवा मले काय मालूम चॅटनूगा कोठी हाये? ते मंग मोबाइलवर सोधलं. पण त्या दिवशी तिनं फोन ठेवला नाई. भांडता भांडताच बोलाले शिकली.”

“आन् गेटिसबर्ग बरोबर असंल तर?” मी विचारलं.

“असंलही.” त्यांनी झेंडी मांडीवर ठेवून सरळ केली. “जिंदगीभर हिरवी दाखवली भाऊ. दाखवली का गाडी गेली. म्या फलाटावरच.”

काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या, चहा गाळून झाला तरी कपबशा मांडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “पुढच्या रविवारी लवकर याजा. मले बी काही तरी भांडाले शिकवा.”

शिडी मी तिथंच ओट्याला टेकलेली ठेवली. तारखेला जाणं होतंच, तेव्हा नेऊ म्हटलं.