साळवे सर आणि दमट हवा

साळवे सरांनी पहिल्या दिवशी मला नाव विचारलं नाही. "केस ओले आहेत का?" एवढंच विचारलं. होते. "मग वाळले की या," म्हणून त्यांनी प्रयोगशाळेचं दार लावून घेतलं.

सर माझे पीएचडीचे मार्गदर्शक. वीज वाहून नेणाऱ्या प्लॅस्टिकचे, केसाहून कितीतरी बारीक धागे काढायचे, हा त्यांचा ध्यास. सिरिंजमध्ये हिरवं द्रावण भरायचं, सुईला हजारो व्होल्टचा दाब द्यायचा, की थेंबातून धागा सुटून समोरच्या पत्र्यावर जमायचा. निदान पुस्तकात तरी. हवा जराशी दमट असली की धाग्यावर मणी धरायचे, आणि दमटपणाला सर माणसांनाच जबाबदार धरत. चहा बाहेर, छत्री बाहेर. एकदा संचालक पाहुण्यांना घेऊन आले. "अहो, आपण आठजण श्वास घेताय," सर म्हणाले. "चौघांनी बाहेर घेतला तर बरं."

वर्षभर मी मणीच केले. सूक्ष्मदर्शकातून बघून सर म्हणायचे, "छान. माळ झाली. गळ्यात घाला."

मैत्रिणी एकेक करून हिंजवडीच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत गेल्या. मलाही नोकरीचं पत्र आलं. घरी, बिबवेवाडीत, सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटून झाले, तेव्हा कुठे सरांना सांगायचा धीर झाला.

"जा," ते म्हणाले. "तिथं एसी असतो. केस कसेही चालतात."

शेवटच्या आठवड्यात मी द्रावण थोडं घट्ट केलं, सुई पत्र्यापासून दोन बोटं मागे घेतली. शुक्रवारी दुपारी पत्र्यावर हिरवट, सलग जाळं बसलं. एक मणी नाही. वीज बंद करून सरांनी त्याची पट्टी अलगद सोडवली, दोन्ही टोकांना मीटर लावला. काटा हलला. सर उठून शेजारच्या खोलीत गेले.

सही घ्यायला मी वही घेऊन मागोमाग गेले आणि दारातच थांबले. सर खडकीला फोनवर बोलत होते. घरी त्यांची आई तेवढी. तिला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज चढलेला.

"आई, गेली! वीज गं, धाग्यातून! ... मी नाही, पोरीनं केलं. ... हो, तीच, डबा विसरणारी. ... नाही गं, राहत नाही. सोमवारी जाते."

मग पलीकडून आई बराच वेळ बोलत राहिली.

"होईल गं सवय," शेवटी हळूच म्हणाले. "आधीची पोरं गेली तेव्हाही झालीच की."