बोललेल्या बरण्या

रंगूमामांच्या घरात दुपारी बोलायचं नाही. कुणी वारलंय म्हणून नाही, कुणी झोपलंय म्हणूनही नाही. बरण्या गार होत असतात म्हणून.

जिन्यात नुसत्या चपला वाजल्या तरी त्यांचं दार किलकिलं होतं आणि फटीतून एक बोट बाहेर येतं. नुसतं बोट. माणूस दिसत नाही, कारण आत अंधार. मग त्या अंधारातून कुजबुज येते, "गप ऱ्हावा जरा. बोलायला लागल्यात." आपण थिजून उभे राहतो आणि खरोखरच आतून आवाज येतो. टक्. पुन्हा शांतता. मग कुठल्या तरी कोपऱ्यातून, टक्. एकदा एक नवा कुरिअरवाला हे ऐकून पार्सल पायरीवर ठेवून, सही न घेताच खाली पळाला.

आता यात भुताटकी काही नाही. काचेच्या बरणीत गरम पदार्थ भरून, झाकण लावून ती उकळत्या पाण्यात ठेवली आणि मग बाहेर काढली, की गार होताना आतली हवा आक्रसते. झाकणाचा मधला भाग आत ओढला जातो आणि टक् वाजतं. वाजली ती बरणी हवाबंद झाली. इतकं साधं विज्ञान आहे. मी रांगायला शिकले ती अंधश्रद्धेविरुद्धच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांमधून, त्यामुळे हे मी आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार जाऊन समजावलं. पण मामा 'बंद झाली' असं कधी म्हणत नाहीत. 'बोलली' म्हणतात. "कालच्यातल्या सगळ्या बोलल्या. एकच मुकी निघाली," असं एखाद्यानं जिन्यात गंभीरपणे सांगितल्यावर विज्ञानाचा प्रसार करणाऱ्या बाईनं काय करायचं?

राजारामपुरीत आमच्या बरोबर डोक्यावर त्यांचा फ्लॅट. मामा शहर बसचे कंडक्टर म्हणून निवृत्त झाले, पण गाडीतून अजून उतरलेले नाहीत. बरणी भरताना वर बोटभर जागा सोडावी लागते, तर ते म्हणणार, "शिटा भरल्या म्हणून टपावर बसवायचं न्हाय." झाकण घट्ट फिरवून झालं की "डबल बेल". पाण्याला उकळी आली की "सुटली गाडी". नोकरीत होते तोवर त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं असेल तर ते फक्त पाण्याच्या माठापर्यंत. मी त्यांना तोंडावर सुनावलं होतं, की बाईनं आयुष्यभर रांधलं तर तो नुसता स्वयंपाक, आणि पुरुषानं चार बरण्या भरल्या की सगळ्या बिल्डिंगनं श्वास रोखायचा, हा कुठला न्याय? त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झालं? त्ये फडकं दे हिकडं."

त्यांची गुरू म्हणजे फोनमधली एक परदेशी म्हातारी. पांढरे केस, फुलाफुलांचा एप्रन, आणि अखंड इंग्रजी. मामांना त्यातलं ओ की ठो कळत नाही. "भाषा कशाला लागतीय? हात बघायचं की," हे त्यांचं मत. ती बरणीची कड ओल्या फडक्यानं पुसते, हे पुसतात. ती झाकणावर बोट दाबून मान हलवते, हे हलवतात. शेवटी ती हात हलवून निरोप घेते तेव्हा मामाही फोनला हात करतात. मी पाहिलंय.

नवशिका माणूस जितक्या चुका करू शकतो तितक्या त्यांनी केल्या. गार बरण्या उकळत्या पाण्यात सोडल्या, त्या तळातून तडकल्या. मग काठोकाठ भरल्या, तर झाकणाखालून सगळं बाहेर आलं. बरण्या गोळा केल्या त्या लोकांच्या घरच्या. एक खेप लिंबाच्या लोणच्याच्या झाकणांनी बंद झाली आणि त्या खेपेला लिंबाच्या लोणच्याचाच वास आला. मुकी बरणी ठेवून चालत नाही, त्याच दिवशी संपवावी लागते, म्हणून ती शेजारी वाटली जायची. श्रावणात बाकीच्यांनी दारं लावून घेतली. आमच्या घराचं श्रावणाशी काही देणंघेणं नाही, त्यामुळे तो महिनाभर सगळा मुका माल आमच्याकडंच उतरला.

श्रावणाचा प्रश्न का आला, तर मामा लोणची-मुरांबे भरत नव्हते. ते पांढरा रस्सा भरत होते. तोही हाडांसकट.

ती बरण्यांची खोली एकदा बघाच. उजेडानं माल खराब होतो म्हणून खिडकीला जुन्या छत्र्यांचं काळं कापड ठोकलेलं. फळ्यांवर बरण्याच बरण्या. गार झाल्यावर नारळाचं दूध वर चढून घट्ट बसतं आणि खाली गढूळ पाणी उरतं. त्या पाण्यात काचेला टेकून एखादं नळीचं हाड उभं असतं, आपल्याकडं तोंड करून. तळमजल्यावरच्या कोचिंग क्लासमधल्या पोरांनी वर माणूस कापून ठेवलाय असं ठरवून टाकलं होतं. मी त्यांनाही विज्ञान सांगितलं. पण खरं लिहायचं तर त्या खोलीत मीसुद्धा पाठ भिंतीला लावूनच उभी राहायचे.

हा सगळा उद्योग सुशीलामामींसाठी होता, आणि त्यात लपवाछपवी नव्हती. मामींच्या हातातून एकेक पदार्थ निघून चालला होता. आधी आमटी गेली. मग भाकरी गेली. थापायच्या गोल, पण तव्यावर टाकली की ती तिथं आहे हे विसरायच्या. आणि स्वभाव असा, की दुसऱ्याच्या हातचं तोंडात घ्यायच्या नाहीत. लेक पुण्याहून येऊन रांधून गेली, ताट जसंच्या तसं परत. खानावळीचा डबा परत. माझ्या आईची उसळ त्यांनी पदरानं झाकून नम्रपणे बाजूला सारली. स्वतःच्या हातचं तेवढं खायच्या. आणि त्या हातात आता एकच गोष्ट उरली होती, पांढरा रस्सा. तो मात्र अजून बिनचूक.

"उद्या त्योबी गेला तर ही खाणार काय?" मामा म्हणाले होते. "म्हून भरून ठिवतोय."

मी फडकं दिलं.

मामी त्या खोलीत अधूनमधून जायच्या. एकदा मी गेले तर त्या अंधारात फळीला कान लावून उभ्या. बरण्या नुकत्याच बाहेर काढलेल्या. टक्. मामींनी माझा हात धरला. त्यांचा हात बर्फासारखा गार होता.

"आत कोन हाय गं?" त्यांनी हळूच विचारलं. "मगापासनं भाईर याय बघतंय."

मी त्यांना हवा, वाफ, पोकळी सगळं नीट सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "तू भिऊ नगंस." आणि पुन्हा फळीला कान लावला. मी खाली आले, आणि त्या दुपारी डोक्यावर टक् वाजलं की माझं लिहिणं थांबायचं.

मग एका दुपारी टक् नाही, फट् झालं.

मी वर धावले. एका बोललेल्या बरणीचं झाकण उडून छताला लागलं होतं. भिंतीवर पांढरे ओघळ, जमिनीवर काच, आणि असा वास की डोळ्यांत पाणी. मामा खुर्चीवर चढून छत पुसत होते. "ब्रेक फेल झाला एकीचा," एवढंच म्हणाले.

त्या संध्याकाळी मी त्या म्हातारीचे व्हिडिओ बसून पाहिले, हात न बघता, ऐकत. ती फळं आणि टोमॅटो उकळत्या पाण्यात घालत होती. मांस भरताना मात्र तिनं वेगळंच जाडजूड भांडं घेतलं होतं, झाकणाला खिट्ट्या, वर दाबाचा काटा. मामांनी ते पाहिलं होतं, पण तिकडच्या पातेल्याची ती फॅशन असेल म्हणून सोडून दिलं होतं. ती स्वच्छ सांगत होती, की मांसाच्या रश्श्याला साधं उकळतं पाणी पुरत नाही. त्यातून जे जंतू तगून राहतात ते हवाबंद बरणीतच फोफावतात आणि विष तयार करतात. त्या विषाला वास नसतो, रंग नसतो, चवही नसते. दुधा-साईचं काही तर बरणीत भरूच नका, असंही ती म्हणाली. आपल्या नारळाच्या दुधाबद्दल त्या बिचारीला कुठून माहीत असणार? पण जाड पदार्थाच्या आत उष्णता पोचत नाही, ही गोष्ट दोन्हीकडं सारखीच.

मी वर जाऊन हे सगळं सांगितलं. मामा फळीकडं बघत राहिले.

"पन ह्या बोलल्यात की समद्या."

"मामा, बोलली म्हणजे फक्त बंद झाली. आत काय वाढतंय ते ती सांगत नाही."

त्यांनी बरण्या फेकल्या नाहीत. मामी अजून रांधत होत्या, त्यामुळं बरणी उघडायची वेळ आली नव्हती. मी रोज बजावत होते आणि ते रोज "बघू की" म्हणत होते. फळ्यांवर ती हाडं तशीच काचेला टेकून उभी. कुठली बरी, कुठली विषारी, बघून कळायला मार्ग नव्हता. माझ्या डोक्यावर ते सगळं झोपलेलं असायचं.

आणि ती वेळ आली. मी वर गेले तेव्हा गॅसवर पाणी उकळून आटलं होतं. कट्ट्यावर मटण धुवून ठेवलेलं, त्यावर माश्या. मामी पातेल्यासमोर उभ्या, हातात पळी, आणि पळीकडं अशा बघत होत्या की जणू ती कुणी तरी नुकतीच त्यांच्या हातात आणून दिलीय. आदल्या दिवशीपासून हे असंच चाललं होतं. पोटात अन्नाचा कण नव्हता. मामांनी केळं दिलं, भात दिला. सगळं पदरानं झाकून बाजूला.

मामा अंधाऱ्या खोलीतून बाहेर आले ते बरणी घेऊन. झाकण अंगठ्यानं दाबून बघितलं. पक्कं होतं.

मी स्वयंपाकघराच्या दारात आडवी उभी राहिले.

"सरक," ते म्हणाले.

"नाही सरकणार."

"तिच्या हातचं हाय त्ये."

"म्हणूनच त्या खातील, मामा. चव बदललेली नसेल. सगळंच्या सगळं खातील."

ते तिथंच थांबले. इतकी वर्षं भरलेल्या बसमधून वाट काढत गेलेला माणूस माझ्यासमोर हलेना. मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "मग घालू काय हिला?"

मी वळून कट्ट्यावरच्या, माश्या बसलेल्या मटणाकडं बघितलं. त्यांनीही बघितलं आणि ती बरणी खाली ठेवली. मला म्हणाले, ताजं मटण घेऊन ये, नळीचं माग.

मी येईपर्यंत त्यांनी खसखस, तीळ, काजू वाटून ठेवले होते. नारळ खवून दूध पिळलेलं. एवढे महिने बरण्या भरता भरता हा माणूस मामींच्या पाठीमागं उभा राहून काय काय बघत होता ते मला तेव्हा कळलं. मटण शिजवून त्यांनी अळणी पाणी वेगळं काढलं, फोडणी दिली, वाटण घातलं. डबल बेल नाही, काही नाही. नारळाचं दूध घालायची वेळ आली तेव्हा त्यांनी मामींना हाताला धरून गॅससमोर आणलं.

दूध पडल्यावर ढवळायचा हात थांबला की रस्सा फुटतो. मामांनी पळी मामींच्या मुठीत दिली, वरून स्वतःची मूठ ठेवली आणि ढवळायला लागले. मामींचा हात खाली नुसता पडलेला. कापडासारखा. पळी फिरत होती, मामी भिंतीकडं बघत होत्या. खिडकीतून दुपारचं ऊन येत होतं.

कधी तरी मामांनी आपली मूठ उचलली. मी बघितलं तर पळी फिरतच होती. एकाच दिशेनं, संथ, कड न सोडता. मामी अजूनही भिंतीकडंच बघत होत्या. तो हात त्यांचा होता, पण त्या त्याच्यासोबत नव्हत्या. मग त्या हातानं पळी उचलली, डाव्या तळव्यावर एक थेंब टाकला आणि तळवा ओठाला लावला. मामींनी गॅस बंद केला.

त्या भात कालवून जेवल्या. पोटभर, खाली मान घालून. मामा उंबऱ्यातच उकिडवे बसून प्रत्येक घासाकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं न बघण्याचा प्रयत्न करत होते.

जेवण झाल्यावर मामींनी मान वर केली. दारात बसलेल्या माणसाकडं जरा वेळ बघितलं. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अनोळखी माणसाशी इकडं जसं बोलतात तसं, अदबीनं म्हणाल्या, "पावणं, लांबनं आलाय न्हवं?"

मामांचा हात चौकटीवर होता. तो तिथंच राहिला.

"व्हय," ते म्हणाले. "लई लांबनं."

"मग तसं नगा बसू दारात. हात धुवा. वाढतो मी."

मामा उठले. मोरीत जाऊन त्यांनी हात धुतले, पाहुण्यासारखे नुसते मनगटापर्यंत. मग स्वतःच्याच घरात जरा अवघडून, भिंतीला टेकून मांडी घातली, आणि मामींनी ताट मांडेपर्यंत खाली बघत बसून राहिले.