पंख्याखालच्या बैठका

लांब पळायचं असेल तर वजन कशाला उचलायचं? पळतात ते पाय. खांदे नुसते सोबत येतात! धनेशदादाला हे मी शंभरदा विचारलं. (सातवीत शाळा सोडली, त्यामुळे शंका विचारायला लाज वाटत नाही.) तो म्हणायचा, "शर्यत झाल्यावर सांगतो."

शर्यत ठाण्याची, एकवीस किलोमीटरची. दरवर्षी सतराव्या किलोमीटरला दादाचे पाय संपावर जायचे. कुणीतरी त्याला सांगितलं, वजन घेऊन बैठका मार. पण कापड विणायच्या लूमवर बारा तासांची शिफ्ट, व्यायामशाळेत जाणार कधी? घरात जड वस्तू एकच होती. मी!

"दर आठवड्याला वजन वाढवायचं असतं," दादा म्हणाला. मग मला रोज दुप्पट भात. (खेळासाठी एवढा त्याग कुणी केला नसेल.)

एका दुपारी लोडशेडिंग चालू होतं. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला कपाट, मध्ये दादा आणि त्याच्या खांद्यावर मी. तो उभा राहिला की मी बंद पंख्याच्या दोन पात्यांमधून डोकं वर काढायचो. अकराव्या बैठकीला तो खाली गेला आणि लाईट आली! आमच्या अख्ख्या नारपोली वस्तीचे लूम एकदम खडखडले. माझ्या केसांवरून पंखा फिरू लागला. मी पायांनी दादाचा गळा आवळला, हातांनी त्याचे डोळे झाकले.

"दौल्या, उतर!"

"न्हाय! तू उठू नको!"

"आये, पंखा बंद कर!"

आई घाम पुसत दारात आली. "चार तासांनी वारा आलाय. मी न्हाय बंद करत. खाली बसा."

"बसलोयच!"

"मग बसा."

दादाचे पाय थरथरत होते. मी दोनशेपर्यंत मोजलं. शेवटी आम्ही दोघं तांदळाच्या डब्यावर कोसळलो. (डब्याला माझ्या आकाराचा पोचा अजून आहे.)

शर्यतीत मी सायकलवरून त्याच्या बाजूने. सतरावा किलोमीटर आला. "दादा, पंखा चालू हाय!" मी बोंबललो. तो थांबला नाही! अठरा, एकोणीस, वीस... नववा आला! मेडल त्याने माझ्या गळ्यात घातलं.

"आता सांग."

"दमलोय रे. उद्या."

पंधरा दिवसांनी त्याला ताप आला. पाच दिवसांत दादा गेला.

तिरडीला पुढून मी खांदा दिला. त्याला मी उचलायची ही पहिलीच वेळ. पण मी बाकीच्यांपेक्षा वीतभर बुटका, माझी बाजू खाली जायला लागली. मागून केसरीनाथकाका ओरडले, "दौल्या, वर धर! न्हायतर बदली घे."

"न्हाय घेत," म्हणालो, आणि टाचा उचलून, चवड्यांवर चालत त्याला शेवटपर्यंत नेलं. (दादा म्हणाला असता, पाठ वाकडी आहे.)