पुढच्या खोलीत झालं, मागच्या खोलीत गेलं

कॉम्प्युटर या प्राण्याला मी पुरता ओळखून आहे! आमच्या ऑफिसात प्रिंटर रुसला की साहेब तंत्रज्ञाला फोन लावण्याआधी माझ्याकडे बघतात. मी वायर काढतो, फुंकर मारतो, वायर लावतो. प्रिंटर सुरू! (तो वायरीनेच सुरू होतो, फुंकर माझ्या पदरची.) त्यामुळे बायकोने जेव्हा सांगितलं, की बाबांचे दोन लाख चौदा हजार फोटो क्लाऊडवर चढवायचेत, तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "हात्तिच्या! आठवड्याची रजा टाकतो आणि सासरी जाऊन करून येतो. दोन दिवस काम, उरलेले दिवस आराम!"

"नीट कर हं," बायको म्हणाली. "बाबांसाठी फार महत्त्वाचं आहे ते."

होतंच. सासरे चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत होते. त्यातली शेवटची वीस वर्षं ते प्रत्येक घड्याळ उघडताना पायरीपायरीला फोटो काढत. स्क्रू काढला, फोटो. चकती उचलली, फोटो. परत जोडताना कुठला तुकडा कुठे, हा घोळ नको म्हणून! दोन वर्षांपूर्वी हात थरथरायला लागला आणि त्यांनी दुकान बंद केलं. तेव्हापासून माणूस घरात असून नसल्यासारखा. आणि आता अचानक एका तंत्रशिक्षण संस्थेच्या प्राचार्यबाईंनी विचारलं होतं, की काका, या फोटोंवरून आमच्या विद्यार्थ्यांना घड्याळदुरुस्ती शिकवाल का? वर्गाचं नक्की करायला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सगळा संग्रह क्लाऊडवर हवा. क्लाऊड म्हणजे इंटरनेटवरचं भलंमोठं कपाट. कुठूनही उघडावं, कुठूनही बघावं.

सोमवारी सकाळी मी कामाला भिडलो. बाबांचा कॉम्प्युटर मागच्या खोलीत, माझा लॅपटॉप पुढच्या खोलीत, मध्ये बोळकंडीवजा पॅसेज. मी दोन्ही यंत्रं एकाच क्लाऊडला जोडली. दोन बैल जुंपले की गाडी दुप्पट पळणार, असा माझा साधा हिशेब! तेच फोल्डर प्राचार्यबाईंनाही उघडून दिलं, म्हणजे त्यांनाही काम पुढे सरकताना दिसेल.

"जावईबुवा, मी काय करू?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही फक्त बघत बसा, बाबा!"

या घरात एक जुना नियम आहे. कोणी कामाला बसलं, की त्याच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. दुकानातली सवय! उघड्या घड्याळाजवळ एक शिंक आली तरी चार स्क्रू कायमचे बेपत्ता. त्यामुळे मी पुढे, ते मागे, आणि पॅसेजमध्ये खुर्ची टाकून विणत बसलेल्या सासूबाई.

मंगळवारी सकाळपर्यंत अठरा हजार फोटो वर पोचले. प्रत्येकावर छानशी हिरवी खूण! आणि त्याच वेळी माझा लॅपटॉप ओरडायला लागला, "जागा संपली! जागा संपली!" बाबांचे फोटो वर जात होते आणि वरून माझ्या लॅपटॉपवरही उतरत होते. मी हसलो. यात काय एवढं? हिरवी खूण आहे, म्हणजे माल कपाटात पोचला. मग इथे अडगळ कशाला? अठराच्या अठरा हजार निवडले, डिलीट केले. वर शिस्त म्हणून कचरापेटीही रिकामी केली.

"झालं एकदाचं!" मी हात झटकले.

जेवून येतो तो काय! अठरा हजार फोटो पुन्हा हजर! पुन्हा जागा संपली! मी पुन्हा डिलीट केले. चहा घेऊन येतो तर पुन्हा हजर! दाराबाहेर सोडून आलेलं मांजर आपल्या आधी घरात पोचावं, तशी गत झाली. बुधवारी मी लॅपटॉप बंद करून चालू केला, वायर काढून लावली, फुंकरही मारली. फोटो ढिम्म! एकूण आकडा तिथल्या तिथे, अठरा हजार, शून्य, अठरा हजार, शून्य.

बायकोचा फोन आला. "जमतंय ना रे?"

"म्हणजे काय! शेवटचा हात फिरवतोय."

"बाबा फोनवर फार गप्प वाटले."

"एकाग्र आहेत!" मी ठोकून दिलं. माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण सासरी कबूल कसं करायचं? जावई म्हणून इतकी वर्षं मिळवलेली प्रतिष्ठा, त्यातली निम्मी तर कॉम्प्युटरच्या जोरावर होती.

गुरुवारी दुपारी मी पाचव्यांदा डिलीट केलं आणि मोठ्याने म्हणालो, "गेले एकदाचे!"

सासूबाई विणकाम खुर्चीवर ठेवून दारात आल्या. नियम मोडून! "अहो, एक विचारू? तुम्ही इकडे 'गेले एकदाचे' म्हटलंत, की हे तिकडे 'गेले!' म्हणून कपाळाला हात लावतात. आणि यांनी तिकडे 'आले बाई' म्हटलं, की तुम्ही इकडे 'आले परत' म्हणून ओरडता. तीन दिवस ऐकतेय. तुमचं दोघांचं काय चाललंय?"

मी पडद्यावरच्या शून्याकडे बघितलं.

"आणि हे आज सकाळी म्हणाले, संस्थेला नकार कळवून टाकतो," त्या हळूच म्हणाल्या. "म्हणे हात आता माऊसवरसुद्धा धड चालत नाही. नको ते बटण दाबलं जातं आणि फोटो उडतात."

मी उठलो आणि मागच्या खोलीत शिरलो. बाबा खुर्चीत अंग चोरून बसले होते. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं. शेजारी त्यांची मूळ फोटोंची हार्ड डिस्क. पडद्यावर रिकामं फोल्डर.

"जावईबुवा, तुम्हाला त्रास नको म्हणून बोललो नाही," ते म्हणाले. "माझ्या हातून सारखे उडतात. मी डिस्कवरून परत घालतो. पुन्हा उडतात. तुमची एवढी मेहनत..."

"बाबा," मी म्हणालो, "ते मी उडवत होतो."

मी भराभर सगळं ओकून टाकलं. क्लाऊड आणि आमची दोन यंत्रं, ही तिन्ही ठिकाणं एकमेकांना बांधलेली असतात, एकीकडून पुसलं की सगळीकडून पुसलं जातं, हे मला ठाऊक असायला हवं होतं आणि नव्हतं.

"म्हणजे एक काटा फिरवला की दुसराही फिरतो," बाबा म्हणाले.

"हो."

"म्हणजे माझा हात नव्हता?"

"एकदाही नाही, बाबा! तुमचा हात ते परत आणत होता."

त्यांनी मनगट सोडलं. दोन्ही हात पुढे धरून बघितले. थरथरत होते, पण त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. मला मात्र इतकं अपराधी वाटलं, की जमीन दुभंगली असती तर लॅपटॉपसकट आत गेलो असतो.

"चला," ते ताडकन उठले. "आधी तुमचं ते यंत्र बंद करा!"

केलं! त्यानंतर कारभार बाबांच्या हाती. "एवढा पसारा एकदम कोणी उघडतं का? एकेका वर्षाचं घ्यायचं. ते पोचलं, मोजलं, की पुढचं." मी मोजणीला बसलो. आणि काय सांगू, वरचा माल खाली खेचणारा माझा लॅपटॉप बंद झाला तशी गाडी पळायला लागली! एका वाटेने गर्दी सोडावी तसे फोटो शिस्तीत वर गेले. मी मध्येच काही सुचवायला तोंड उघडलं, की बाबा नुसतं बोट वर करत.

शुक्रवारी चार वाजता दोन लाख तेरा हजार नऊशे नव्याण्णव पोचले. एक अडला! त्याचं नाव होतं, 'डॉक्टरीणबाईंचे भिंतीवरचे घड्याळ जे त्यांच्या यजमानांनी दोनदा पाडले व दोन्ही वेळा आपोआप पडले असे सांगितले त्याचे मधले दातेरी चक्र डावीकडून'.

"बाबा, नाव फार लांब आहे. क्लाऊडला चालत नाही."

"पण सगळं खरं आहे!"

"खरं आहे, पण लांब आहे."

बाबांनी बराच वेळ विचार केला. एकेक शब्द काढताना त्यांना डॉक्टरीणबाईंशी बेइमानी केल्यासारखं वाटत होतं. शेवटी 'दोनदा पाडलेले' एवढं उरलं. हिरवी खूण उमटली. पाचला दहा मिनिटं कमी! सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या.

पाचच्या ठोक्याला प्राचार्यबाईंचा फोन. बाबांनी स्पीकर लावला.

"काका, अभिनंदन! वर्ग तुमचाच. खरं सांगू का, मी बुधवारीच ठरवलं होतं."

"बुधवारी? तेव्हा तर काहीच धड नव्हतं!"

"म्हणूनच तर! आम्हाला इथे सगळी नोंद दिसते ना. कोणीतरी एका झटक्यात अठरा हजार फोटो पुसायचं आणि तुम्ही न चिडता, न थकता परत घालायचात. तीन वेळा, चार वेळा! आम्ही सगळे कामं सोडून बघत होतो. विद्यार्थ्यांनी बिघडवलेलं पुन्हापुन्हा जुळवायला असाच धीराचा माणूस हवा."

बाबांचे डोळे भरून आले. माझेही. त्याचं कारण मात्र थोडं वेगळं होतं.

"पण काका," बाई म्हणाल्या, "तो पुसणारा कोण होता हो?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मिशीखाली हसू हललं.

"तो ना? व्हायरस होता, बाई," बाबा म्हणाले. "पण घरचाच आहे. रविवारच्या गाडीने जाईल."

मी शनिवारचं तिकीट काढलं.