किसनअण्णांचे टमाटे

किसनअण्णा टमाट्याला अहो-जाहो करायचे. टमाटा एकटा असला तरी. मी मंठ्यात नवी नवरी होते तेव्हाची गोष्ट. आमच्या दारात उभं राहून ते एकदम म्हणाले, "हे उद्या सकाळपर्यंत तयार होतील, आज त्यांना बिलकुल तरास देऊ नका." घरात कुणी मोठे पाहुणे आलेत असं वाटून मी डोक्यावरचा पदर सावरला. अण्णा बोलत होते ते कोनाड्यात ठेवलेल्या एका टमाट्याबद्दल.

अण्णा आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. जिनिंगात मुनीम होते. उन्हाळ्यात कापूस संपला की जिन बंद पडायचं आणि अण्णांच्या अंगात टमाटा संचारायचा. मोठा दुष्काळ सरून विहिरींना पुन्हा पाणी आलं होतं आणि आष्टीच्या बाजारात मळ्यातल्या टमाट्यांच्या पाट्या उतरू लागल्या होत्या. ते टमाटे आजच्यासारखे गुळगुळीत नव्हते. चपटे, खाचा पडलेले, देठाशी हिरवे आणि इतके नाजूक की धक्का लागला की रस सुटायचा. म्हणून अण्णा ती पाटी एसटीत मांडीवर घेऊन बसत. शेजारच्याने नाक मुरडलं की त्याच्या नाकाशी एक टमाटा धरून म्हणत, "आधी वास घ्या, मंग बोला."

हे वाक्य आमच्या गल्लीत पोरासोरांनाही पाठ होतं. कारण पाटी घरी आली की अण्णा दारोदार फिरत. स्वयंपाकघरात पाऊल टाकत नसत, पण उंबऱ्याबाहेर उभं राहून सगळा कारभार चालवत. टमाटा निखाऱ्यावर भाजायचा, साल आपणहून फाटली पाहिजे, हाताने ओढायची नाही. हिरवी मिरची त्याच निखाऱ्यावर. लसूण कच्चाच. मग मीठ घालून खलबत्त्यात दोनच ठोके, जास्त नाहीत, आणि गरम भाकरीवर ते सगळं ओतायचं. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, हात हवेत ठोके द्यायचे, आणि ऐकणारीच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी चिडायची खूप, पण ती चटणी केली नाही असा एकही दिवस गेला नाही.

एका वर्षी तर त्यांनी कहर केला. बायकांनी घराच्या धाब्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या, त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा बघून अण्णांनी तिथे टमाट्याच्या चकत्या मांडल्या. दुपारपर्यंत अर्ध्या कुरडया गुलाबी. गल्ली त्यांच्या दारात जमली. अण्णांना वाईट वाटलेलं दिसलं नाही. अशी कुरडई हैदराबादेतबी मिळायची न्हाई, असं ते सगळ्यांना पटवत राहिले, आणि दोघीतिघींना पटलंही.

त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र टमाट्याला चुलीपाशी मज्जाव होता. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का, एवढीच माणसं. अण्णांनी लग्न केलेलं नव्हतं. आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेल्या, गळ्यात माळ, अंगावर पांढरं लुगडं. टमाटा मांसासारखा दिसतो म्हणून त्या त्याला शिवत नसत. त्यामुळे अण्णांचा रॉकेलचा स्टोव्ह आणि अल्युमिनियमची पातेली बाहेरच्या ओट्यावर. पण काहीही शिजवलं तरी पहिला चमचा ते आत घेऊन जात, आक्का मान हलवत, आणि अण्णा तो चमचा घेऊन परत येत. उन्हाळाभर हे असं चालायचं. गल्लीत सगळे जेवले तरी अण्णांचं समाधान होत नसे, ते एवढ्यासाठी.

पुढे एका वैशाखात आक्कांना ताप आला. ताप उतरला, पण तोंडाची चव गेली. पेज ठेवली तशी राहायची, वरणभात नुसता चिवडायच्या. काहीतरी पोटात गेलं नाही तर अवघड आहे, असं डॉक्टर बजावून गेले. अण्णांनी मनाशी काय ते ठरवलं आणि पहाटेच्या गाडीने आष्टी गाठली.

दुपारी त्यांनी सार करायला घेतलं. इतके खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. गूळ किती, जिरं किती, मला दहा वेळा विचारलं आणि माझं एकदाही ऐकलं नाही. आक्कांना रोजचं भांडं ओळखीचं वाटेल म्हणून त्यांनी आतलं पितळी पातेलं काढलं, त्यात सार उकळलं आणि मुरायला झाकून ठेवलं.

लगीनसराई संपत आली तरी कल्हईवाला त्या वर्षी मंठ्यात फिरकला नव्हता. पातेल्याची कल्हई तळाशी पार उडाली होती, आणि उघड्या पितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, विषारी होतं. ना अण्णांनी बघितलं, ना मी.

वाटी घेऊन आम्ही आत गेलो. आक्कांनी, जन्मात पहिल्यांदा, टमाट्याची वाटी हातात घेतली. नाकाशी नेली आणि हळूच खाली ठेवली.

"किसना, कळकलंय हे. पिऊ नका कोणी."

अण्णांनी सगळं सार मोरीत ओतलं आणि ओट्यावर येऊन बसले. मी म्हटलं, उद्या परत करू, त्यात काय.

"सूनबाई, आई गेली तवा मी रांगत होतो," ते म्हणाले. "हिनंच मला वाढवलं. परकरातली पोर होती तवा हिचं कुंकू पुसलं. त्या दिवसापासून लाल म्हणून काही हिच्या वाट्याला न्हाई. मी कमवायला लागलो तवा लाल काठाचं लुगडं आणल्तं. लोक काय म्हणतील म्हणून तिनं देऊन टाकलं. म्हणलं, लाल खायला तर लोक न्हाई म्हणत न्हाईत."

मला रडू फुटलं. त्यांच्या टमाट्यांना मी इतके उन्हाळे हसले होते, आणि त्यांनीही मला हसू दिलं होतं.

आक्कांची बाज दाराच्या आडच होती. आतून हाक आली, एखादा राह्यलाय का म्हणून.

राहिला होता. अण्णा धडपडत स्टोव्हकडे निघाले, तर आक्का म्हणाल्या, शिजवू नको, नुसता काप आणि मीठ लाव. अण्णांनी चार फोडी केल्या. आक्कांनी एक उचलली, डोळे मिटले आणि खाल्ली. मग दुसरी. तिसरीचा रस मनगटावरून ओघळून लुगड्यावर पडला, पांढऱ्यावर लालसर ठिपका उमटला.

अण्णा घाईघाईने पाण्याचा तांब्या घेऊन आले.

आक्कांनी त्या ठिपक्यावर हात ठेवला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "आता कोण काय म्हणतंय मला."