दुसरा पडदा

नवा मॉनिटर टेबलावर ठेवला आणि बायकोने एकच गोष्ट विचारली. "संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत लागेल ना हा? क्लायंट घरी येणारेत, त्यांना बंगल्याचे नकाशे मोठे करून दाखवायचेत."

"लागेल म्हणजे काय! एक केबल तर खुपसायची."

"नाही लागला तर मी दादाला बोलावणार. आणि दादा आला की तुझं लिनक्स पुसणार. विंडोजचा पेनड्राइव्ह खिशातच असतो त्याच्या."

लिनक्स ही फुकट मिळणारी संगणकप्रणाली. पैसे घेत नाही, फक्त सुट्ट्या घेते. नवऱ्याने तिला लग्नाआधीपासून सांभाळलं होतं. मेहुण्याचं मात्र कॉम्प्युटरचं दुकान होतं आणि लिनक्सचं नाव निघालं की तो आजाऱ्याची चौकशी करावी तसा चेहरा करायचा.

टेबलामागे दोन काळ्या केबली होत्या. एक मॉनिटरची. दुसरी नवऱ्यानेच भिंतीला भोक पाडून बाहेरच्या खोलीतल्या टीव्हीपर्यंत नेलेली, सिनेमे बघायला. दोन्ही इतक्या टापटिपीने एकत्र बांधलेल्या, की कुठली कुठे जाते हे बांधणाऱ्यालाही कळू नये. त्याने हाताला लागली ती खुपसली.

मॉनिटर म्हणाला, 'सिग्नल नाही.' लॅपटॉप म्हणाला, 'दुसरा पडदा सापडला.'

साधा माणूस अशा वेळी केबल बघतो. नवऱ्याने दार लावून घेतलं आणि लॅपटॉपला हुकूम सोडला : दोन्ही पडद्यांवर एकच चित्र दाखव. लॅपटॉपने तो तंतोतंत पाळला.

बाहेर आठवडाभर राहायला आलेले सासू-सासरे मालिका बघत होते. मालिकेतली सून जिन्यावरून पडायच्या बेतात असताना टीव्ही काळा झाला आणि त्यावर पांढरी अक्षरं सरकू लागली.

"जावईबापू!" सासरेबुवा ओरडले. "टीव्हीवर आपोआप दुसरंच काहीतरी लागलंय!"

"लागू दे हो बाबा, मी जरा कामात आहे!" आतून उत्तर आलं.

सासरेबुवांनी चष्मा लावला.

आत नवऱ्याने लिनक्सवाल्या मित्रांचा ग्रुप उघडून त्यातल्या जाणत्याला, म्हणजे गुरुजींना, गाठलं. गुरुजींनी ग्राफिक्स कार्ड विचारलं, कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा कुठला ते विचारलं, मशीनच्या पानभर नोंदी मागवल्या. केबल नीट लावलीस का, हे विचारलं नाही. त्या ग्रुपमध्ये तो प्रश्न अपमान समजला जाई. मागे एकाने विचारला होता. त्याच्याशी अजून कुणी बोलत नाही.

'गुरुजी, वाचवा,' नवऱ्याने लिहिलं. 'मेहुणा आला तर संपलंच. त्यात सासरे मुक्कामाला आहेत. रविवारी जातील, तोवर तरी इज्जत राहू दे.'

'सासरे त्रास देतात?'

'माणूस बरा आहे, पण घोरतो. मी टीव्हीच्या केबलसाठी भिंतीला भोक पाडलंय ना, त्यातून सगळं ऐकू येतं.'

एवढं स्वतःच्या बोटांनी लिहूनही त्याच्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

"अगं, वाच," बाहेर सासरेबुवा म्हणाले. "ह्यातला सासरा घोरतो म्हणे."

"खरंच आहे की," सासूबाई म्हणाल्या.

"अगं, मालिकेतला!"

"मग मीही मालिकेतलाच म्हणतेय."

इतक्यात बायको आत आली. मॉनिटर अमावास्येसारखा काळा. तिने फोन हातात घेतला आणि दादाचा नंबर शोधू लागली. नवऱ्याने घाईघाईने लिहिलं, 'गुरुजी, ती आली. मी मेलो.'

बाहेरून खदाखदा हसणं ऐकू आलं. "मेला गं मेला! बायको आली त्याची!"

बायको बाहेर गेली. टीव्हीवर हातभर मोठ्या अक्षरांत तिचा नवरा मेलेला होता. तिने फोन खाली ठेवला. मग खुर्ची टीव्हीसमोर ओढली. "लॅपटॉप आहे तसाच राहू दे. केबल काढलीस तर बघ! आणि तो बिनवायरचा कीबोर्ड मला आणून दे."

टीव्हीसमोरच मीटिंग उत्तम झाली. क्लायंट खूष, नकाशे मंजूर. दादाचा विषयच निघाला नाही.

नवरा सुटकेचा श्वास टाकत आत गेला. गुरुजींचा निरोप वाट बघत होता. 'सुटलं का? काय होतं?'

त्याने क्षणभर विचार केला आणि लिहिलं, 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा प्रॉब्लेम होता.'

"ह्या भागात जावई खोटं बोलतो," बाहेरून आवाज आला.

नवरा धावत बाहेर आला. सासरेबुवा शांतपणे चष्मा पुसत होते. चेहरा इतका निष्पाप, की त्यावरून काही म्हणजे काही कळू नये.

"छान आहे हो हे," ते म्हणाले. "आम्ही रविवारी निघणार होतो. पण शेवट बघितल्याशिवाय कसं निघायचं? काय हो, तो सासरा शेवटी जातो का?"

नवऱ्याने टीव्हीकडे पाहिलं, भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं.

"नाही बाबा," तो म्हणाला. "बहुतेक राहतो."